फ्रेंच भाषेच्या उन्हाळी शाळा

पाण्यांत पडल्यावांचून पोहतां येत नाहीं, ही म्हण आपल्याकडे लहान मुलालाहि ठाऊक असते. परकी भाषा त्या त्या लोकांत जाऊन राहिल्यावांचून जिभेवर बसत नाहीं, हा अनुभवहि तितकाच जुना आहे. व्यापारी, खलाशी, धर्मोपदेशक आणि राजांचे वकील हजारों वर्षें याच वाटेनें भाषा शिकत आले. परंतु ज्या नदींत उडी टाकावयाची तिला घाट बांधावा, घाटावर शिक्षक उभे करावे, उडी टाकण्याचा व बाहेर येण्याचा दिवस आधींच छापून प्रसिद्ध करावा, आणि ओल्या अंगानें वर येणाऱ्याच्या हातीं शेवटीं एक प्रमाणपत्र द्यावें, ही कल्पना मात्र फार जुनी नाहीं. फ्रेंच भाषेपुरतें बोलावयाचें तर तिचें वय सव्वाशें वर्षांहून थोडेंसेंच अधिक आहे.

त्यापूर्वीं फ्रेंच शिकण्यासाठीं परदेशीं जाणें हा श्रीमंतांचा विषय होता. इंग्लंड-रशियांतील मोठीं घराणीं फ्रेंच शिक्षिका घरींच आणून ठेवीत, किंवा मुलींना तिकडील एखाद्या वसतिशाळेंत धाडीत. आपल्या देशांतील एक उदाहरण प्रसिद्धच आहे. कलकत्त्याच्या दत्त घराण्यांतील तोरू ही मुलगी १८६९ सालीं, तेरा वर्षांची असतां, आईबाप व बहीण यांच्यासह युरोपांत गेली. भूमध्यसमुद्राच्या कांठच्या नीस शहरांत दोघी बहिणी कांहीं महिने शाळेंत गेल्या. तेवढें शाळेंतील शिक्षण आणि पुढचें स्वतःचें अफाट वाचन यांच्या बळावर तोरूनें फ्रेंच कवितांचीं इंग्रजी भाषांतरें १८७६ सालीं प्रसिद्ध केलीं. पुढच्याच वर्षीं, अवघ्या एकवीस वर्षांची असतां, ती वारली. तिच्या कागदपत्रांत वडिलांना फ्रेंच भाषेंत लिहिलेली एक संपूर्ण कादंबरी सांपडली, व ती १८७९ सालीं पॅरिसमध्यें छापली गेली. कांहीं महिन्यांच्या वास्तव्यानें एवढें साधतें असें यावरून कोणी समजूं नये. तोरूसारखी बुद्धि शतकांत एखाद्याच घरीं जन्मास येते. शिवाय तिच्या वडिलांपाशीं जहाजाचें भाडेंहि होतें आणि सवडहि होती. ज्याच्यापाशीं दोन्ही नव्हतीं त्या साध्या शाळामास्तराला हा मार्ग बंद होता.

आणि खरी गरज होती ती त्या शाळामास्तरालाच. एकोणिसाव्या शतकांतील युरोपांत फ्रेंच किंवा जर्मन शिकविणारा शिक्षक ती भाषा लॅटिनसारखी शिकवी. नियम पाठ करावयाचे, वाक्यांचें भाषांतर करावयाचें, अपवाद घोकावयाचे. कित्येक शिक्षकांनीं त्या भाषेचा जिवंत माणूस जन्मांत पाहिलेला नसे. हें सर्व उलटें फिरविलें पाहिजे, अशी हांक विल्हेल्म फीटोर या जर्मन शिक्षकानें १८८२ सालीं एका टोपणनांवाच्या चोपडींतून दिली. पुढें १८८६ सालीं पॅरिसमध्यें पॉल पासी यानें उच्चारशास्त्र मानणाऱ्या शिक्षकांचें एक मंडळ काढलें. उच्चार दाखविण्याची जी आंतरराष्ट्रीय लिपि आज कोशांतून छापलेली दिसते तिचा उगम याच मंडळांत आहे. बोलकी भाषा आधीं, व्याकरण मागून, असें या नव्या मंडळींचें म्हणणें होतें. म्हणणें बिनतोड होतें, पण त्यानें शिक्षकाची मोठीच पंचाईत केली. ज्याला स्वतःला दोन वाक्यें धड बोलतां येत नाहींत, त्यानें वर्गांत बोलावें तें काय? त्याला सुटी मिळे ती उन्हाळ्यांत, तीहि थोडे आठवडे. म्हणून शाळाहि उन्हाळ्यांतच भरविणें भाग होतें. विश्वविद्यालयांचे दिवाणखाने त्या दिवसांत ओस असत, प्राध्यापकांना चार पैसे अधिक हवे असत, आणि विद्यार्थी गांवीं गेल्यामुळें गांवांतील भाड्याच्या खोल्या रिकाम्या पडलेल्या असत. योजना जुळून आली ती अशा अगदीं घरगुती कारणांनीं.

यांत फ्रान्सचा स्वतःचा हेतु मात्र घरगुती नव्हता. १८७० सालच्या युद्धांत जर्मनांकडून फ्रान्सचा दारुण पराभव झाला; आल्सास आणि लोरेनचा कांहीं भाग हातचा गेला. त्या प्रांतांतील शाळांत फ्रेंचचा शेवटचा धडा कसा झाला यावर आल्फोन्स दोदे यानें लिहिलेली लहानशी गोष्ट आपल्याकडच्या अनेकांनीं इंग्रजी क्रमिक पुस्तकांत वाचली असेल. तरवारीनें गेलेलें मोठेपण शब्दांनीं परत मिळवावें, ही भावना त्या पिढींत बळावली. २१ जुलै १८८३ या दिवशीं पॅरिसमध्यें आलियांस फ्रांसेझ ही संस्था स्थापन झाली. पॉल कांबों हा मुत्सद्दी आणि प्येर फोंसें हा शिक्षणखात्यांतील भूगोलतज्ज्ञ हे तिचे प्रमुख उत्पादक. आरंभींच्या सभासदांत सुवेझचा कालवा खणणारे लेसेप्स, शास्त्रज्ञ पाश्चर, पंडित रनां, कादंबरीकार ज्यूल व्हेर्न अशीं नांवें आढळतात. वसाहतींत आणि परदेशांत फ्रेंच भाषेचा प्रसार करणें हा उद्देश संस्थेनें आपल्या नांवांतच घातला होता. येथें एक विसंगति नजरेआड करणें योग्य नव्हे. आल्सासमधील मुलांवर जर्मन लादली म्हणून ज्यांनीं अश्रु ढाळले, त्यांच्याच शाळांतून ब्रिटनी प्रांतांतील मुलाला घरची ब्रेटन भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे, आणि वसाहतींतील मुलांना तर विचारतो कोण! पराभवानें शिकविलेला धडा माणूस स्वतःपुरताच शिकतो.

स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा हें फ्रेंचभाषी शहर; तेथील विश्वविद्यालयानें १८९२ सालीं उन्हाळी वर्ग सुरू केले. पॅरिसमध्यें आलियांसचे वर्ग १८९४ पासून भरूं लागले. फ्रेंच भाषेचा बृहद् इतिहास लिहिणारे फेर्दिनां ब्र्यूनो यांच्यासारखा पंडित त्यांच्या कामांत होता, यावरून हे वर्ग म्हणजे प्रवाशांची करमणूक नव्हती हें ध्यानांत येईल. १८९६ सालीं आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या ग्रेनोब्ल गांवानें परदेशी विद्यार्थ्यांच्या सोयीसाठीं एक मंडळ नेमलें. कलेतिहासाचे अभ्यासक मार्सेल रेमों हे त्याचे प्राण होते. ग्रेनोब्लला पॅरिसचें वैभव नव्हतें; पण राहणें स्वस्त, हवा थंड, आणि रविवारीं डोंगर चढावयास मिळत. थोड्याच वर्षांत हें आडबाजूचें गांव परदेशी विद्यार्थ्यांनीं गजबजून गेलें. तूर शहरीं १९१२ सालीं तूरेनची संस्था निघाली. त्या प्रांताची बोली सर्वांत शुद्ध, असा लौकिक होता व अजूनहि सांगितला जातो. पुण्याची मराठी शुद्ध कीं आणखी कोठली, हा वाद ज्यांनीं ऐकला आहे त्यांना या लौकिकाचें मर्म समजावून सांगावयास नको.

या शाळांत काय शिकवीत, हें पाहण्यासारखें आहे. सकाळीं व्याकरण आणि निबंध, दुपारीं फ्रेंच वाङ्मय, इतिहास व कला यांवर व्याख्यानें, आणि त्यांच्या जोडीला सर्वांत नवी गोष्ट म्हणजे उच्चारांची प्रयोगशाळा. आबे रूस्लो नांवाच्या एका धर्मगुरूनें उच्चार मोजण्याचीं यंत्रें प्रचारांत आणलीं होतीं. नळीच्या तोंडाशीं बोलावें म्हणजे काजळी धरलेल्या, फिरत्या कागदावर सुई आवाजाची रेघ काढी. टाळूवर खडूची पूड लावलेला कृत्रिम टाळू बसवून एखादा वर्ण उच्चारला, कीं जीभ जेथें टेकली तेथली पूड पुसली जाई, आणि जिभेचा अपराध सर्वांना दिसे. ग्रेनोब्लला १९०४ सालीं उच्चारशास्त्राची स्वतंत्र संस्थाच निघाली. मराठी माणसाला हा खटाटोप फाजील वाटणार नाहीं. ‘चाक’ शब्दांतला च आणि ‘चिमणी’ शब्दांतला च वेगळे आहेत हें आपल्या चार वर्षांच्या मुलाला कळतें, पण परप्रांतीय पाहुण्याला जन्मभर साधत नाहीं. कारण अक्षर एकच, जीभ मात्र दोन ठिकाणीं टेकते. फ्रेंचमध्येंहि तसेंच. ओठ ‘ऊ’ म्हणण्यासाठीं गोल करावे आणि आंत जिभेनें मात्र ‘ई’ म्हणावें, असा त्यांचा एक स्वर आहे. तो कागदावर समजतो, तोंडांत येत नाहीं. नाकांतून निघणारे त्यांचे स्वर इंग्रजांना फार जड जातात. आपण त्या मानानें सुखी.

जिवंत आवाजाचें हें वेड ब्र्यूनो यांनीं आणखी पुढें नेलें. १९११ सालीं सॉरबॉनमध्यें त्यांनीं आवाजांचें दप्तरखाना म्हणतां येईल असें एक संग्रहालय उघडलें, आणि पुढील दोन वर्षांत ध्वनिमुद्रणाचें यंत्र मोटारींत घालून आर्देन, बेरी, लिमूझें या प्रांतांतील शेतकऱ्यांच्या बोली तबकड्यांवर उतरवून आणल्या. एकीकडे उन्हाळी वर्गांतून एकच घांसलेली पॅरिसची भाषा सांगावयाची, आणि दुसरीकडे ती भाषा ज्या बोलींना गिळीत होती त्या बोली जपून ठेवावयाच्या, अशीं दोन्ही कामें एकाच माणसाकडून होत होतीं.

याच सुमारास उलट दिशेनेंहि एक प्रवास झाला. ज्यूल ब्लॉक हे तरुण फ्रेंच पंडित विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हिंदुस्थानांत येऊन राहिले. मराठी भाषेच्या घडणीवरचा त्यांचा फ्रेंच ग्रंथ १९२० सालीं प्रसिद्ध झाला. आपल्याच मायबोलीचा शास्त्रशुद्ध इतिहास वाचण्यासाठीं मराठी अभ्यासकाला फ्रेंच येणें जरूर व्हावें, अशी ही वेळ होती. वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं त्याचें मराठी भाषांतर केलें तें १९४१ सालीं. मधलीं एकवीस वर्षें ज्यांना फ्रेंच येत नव्हती त्यांनीं तो ग्रंथ ऐकीव माहितीवरच जाणला.

१९१४ सालच्या ऑगस्टमध्यें महायुद्ध पेटलें आणि घाट ओस पडला. परदेशीं जातां येईना तेव्हां अमेरिकेंतील व्हर्माँट संस्थानांत मिडलबरी कॉलेजनें १९१६ सालीं स्वदेशांतच फ्रान्स उभा करण्याचा प्रयत्न केला. उन्हाळ्याचे ते आठवडे इंग्रजीचा एक शब्दहि उच्चारणार नाहीं, असें वचन तेथें विद्यार्थ्यांकडून घेण्याची चाल पडली. भाषेचें हें मौनव्रत आजहि तेथें पाळलें जातें, आणि त्याचें फळ उत्तम येतें असा बोलबाला आहे. तरीहि एक उणीव उरतेच. व्रत घेतलेले सारे जण सारखेच अडखळत असतात. ज्याला इंग्रजी येतच नाहीं असा भाजीवाला तेथें भेटत नाहीं.

युद्ध संपलें तेव्हां फ्रान्समध्यें लाखों अमेरिकन सैनिक परतीच्या जहाजांची वाट पाहत पडून होते. रिकामें मन सैतानाचें घर, हें ओळखून लष्करानें त्यांतील हजारों जणांना १९१९ च्या वसंत ऋतूंत फ्रेंच विश्वविद्यालयांत घातलें. ग्रेनोब्ल, तूलूझ, नान्सी अशा गांवीं गणवेषांतील हे दांडगे विद्यार्थी बांकांवर बसून क्रियापदें चालवूं लागले. सॉरबॉननें परदेशीयांसाठीं फ्रेंच संस्कृतीचे वर्ग काढले तेहि त्याच वर्षीं. युद्धावरून परतलेल्यांपैकीं रेमंड कर्कब्राइड नांवाचा एक तरुण पुढें डेलावेअर विश्वविद्यालयांत फ्रेंचचा अध्यापक झाला. वर्गांत शिकवून आपण मुलांना जें देतों तें भाषेचें सोंग आहे, भाषा नव्हे, असें त्याला वाटूं लागलें. पदवीच्या चार वर्षांपैकीं तिसरें वर्ष विद्यार्थ्यानें फ्रान्समध्यें काढावें, त्याचा आरंभ उन्हाळी वर्गानें व्हावा, आणि तें वर्ष फुकट न जातां पदवींत धरलें जावें, अशी त्याची योजना. १९२१ सालीं त्यानें ती अध्यक्ष वॉल्टर हलिहेन यांच्यापुढें मांडली.

आज ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे कीं तिच्यांत धाडस कोठें होतें हेंच कळूं नये. परंतु पोराला वर्षभर पॅरिसला पाठविणें म्हणजे त्याला बिघडविणें, असें त्या काळच्या मध्यम स्थितींतील अमेरिकन बापाचें प्रामाणिक मत होतें. दुसऱ्या देशांतील शिकवणुकीला आपली पदवी कशी द्यावी, ही पंडितांची हरकत वेगळीच. विश्वविद्यालयाच्या तिजोरींतून पैसा मिळेना. तेव्हां हलिहेन यांनीं धनिकांचे उंबरठे झिजविले. प्येर द्यू पाँ या उद्योगपतीनें मदत केली. पुढें अध्यक्ष झालेले हर्बर्ट हूव्हर त्या वेळीं व्यापारमंत्री होते, त्यांनीं पाठिंबा दिला. परदेशची भाषा जाणणारे तरुण व्यापाराला हवे होते, हा त्यांतला व्यवहार. ७ जुलै १९२३ या दिवशीं आठ विद्यार्थी आणि त्यांचा गुरु रोशांबो नांवाच्या बोटीनें न्यूयॉर्कहून निघाले. पहिला मुक्काम लोरेन प्रांतांतील नान्सी शहरीं, उन्हाळी वर्गासाठीं. मग हेमंतांत पॅरिस व सॉरबॉन.

त्या उन्हाळी आठवड्यांचें खरें स्वरूप वर्गांत सांपडत नाहीं. तें सांपडतें जेवणाच्या टेबलाशीं. विद्यार्थ्यांनीं एकत्र बिऱ्हाड न करतां फ्रेंच कुटुंबांतून विखरून राहावें, हा कर्कब्राइडच्या योजनेचा कणा होता. पहिल्या महायुद्धानें फ्रान्समध्यें लाखों स्त्रियांना विधवा केलें आणि चलन घसरल्यामुळें सुस्थित घरांचीं उत्पन्नें वितळलीं. अशा घरांतील यजमानीणबाई, चारचौघांत कमीपणा न येतां संसार चालावा म्हणून, एखादा परदेशी विद्यार्थी पैसे घेऊन घरीं जेवूंखाऊं घालूं लागल्या. विद्यार्थ्याच्या दृष्टीनें ती सर्वांत कडक शिक्षिका. वर्गांतील प्राध्यापक वाक्य पुरें होईपर्यंत थांबतो. जेवणाच्या टेबलाशीं मीठ मागण्यासाठीं योजलेलें वाक्य मनांत जुळेपर्यंत मिठाचें भांडें आणि संभाषणाचा विषय दोन्ही पुढें निघून गेलेलीं असतात. आपल्या घरीं हुशार म्हणून नांवाजलेला वीस वर्षांचा मुलगा येथें तीन वर्षांच्या मुलासारखा होतो. विनोद कळत नाहीं, रागावतां येत नाहीं, आणि कोणी मूर्ख समजलें तर तसें नाहीं हें सिद्ध करावयास शब्द नसतात.

सहा आठवड्यांत भाषा येते काय, हा प्रश्न या शाळांना पहिल्यापासून विचारला गेला आहे. सरळ उत्तर, नाहीं. शब्दसंग्रह थोडा वाढतो, कान बराच उघडतो, व्याकरण जेथल्या तेथें राहतें. क्वचित् बिघडतेंहि, कारण बोलण्याच्या ओघांत चूक खपून जाते व मुरते. जीं मंडळी आपल्याच देशबांधवांच्या घोळक्यांत हिंडतात त्यांना तर चित्रांच्या पोस्टकार्डांपलीकडे कांहींच मिळत नाहीं, आणि अशी मंडळी प्रत्येक उन्हाळ्यांत असतात. परंतु आपण लहान झालों हें सहन करून जो टेबलाशीं रोज बसतो त्याची भीति मोडते. भीति मोडली म्हणजे पुढचें काम वर्षभराचें वास्तव्य, नाहींतर घरचा अभ्यास, करूं शकतो. कर्कब्राइडनें उन्हाळ्याला आरंभींचें स्थान दिलें, संपूर्ण शिक्षणाचें नव्हे, यांत त्याचें शहाणपण होतें. तो स्वतः १९२९ सालीं अल्पवयांतच वारला. तत्पूर्वीं १९२५ सालीं स्मिथ या मुलींच्या कॉलेजनें बत्तीस विद्यार्थिनी फ्रान्सला धाडल्या होत्या. आठ मुलग्यांविषयीं ज्यांनीं नाकें मुरडलीं, त्यांचें या बत्तीस मुलींविषयीं काय मत झालें असेल याची कल्पना करतां येते.

दुसऱ्या महायुद्धानें सारें पुन्हा थांबविलें. डेलावेअरनें १९४८ सालीं हें कार्य सोडलें व तें स्वीट ब्रायर कॉलेजनें उचललें. स्मिथचा उपक्रमहि फिरून सुरू झाला. त्याच उपक्रमांतून १९४९ च्या उन्हाळ्याअखेर जॅकलीन बूव्हिए ही वीस वर्षांची मुलगी फ्रान्सला गेली. आधीं सहा आठवडे ग्रेनोब्ल, एका फ्रेंच कुटुंबांत; मग पॅरिसमध्यें एका सरदार घराण्यांतील विधवेच्या घरीं. ही बाई युद्धांत जर्मनांविरुद्ध गुप्तपणें काम करीत होती व त्यासाठीं तिनें राव्हेन्सब्रुकची छळछावणी भोगली होती. नवरा छळछावणींतून परतला नव्हता. घरांत ऊब पुरेशी नसे. अंगावर लोकरीचे थर चढवून अभ्यास करावा लागे. श्रीमंतींत वाढलेल्या या मुलीनें हें वर्ष आपल्या आयुष्यांतील सुखाचें वर्ष मानलें. १९६१ च्या वसंतांत अध्यक्ष केनेडींची पत्नी म्हणून ती पॅरिसला आली आणि द गोल यांच्याशीं फ्रेंचमध्यें बोलली, तेव्हां आपण जॅकलीनसोबत आलेले गृहस्थ आहों असें केनेडींनीं हंसत हंसत सांगितलें, ही कथा सर्वपरिचित आहे.

इकडे शिकविणाऱ्यांनाहि एक जुना प्रश्न सतावीत होता. थोड्या आठवड्यांत शिकवावयाचें तर आधीं कोणते शब्द? जॉर्ज गूगेनेम यांच्या मंडळीनें १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत सामान्य माणसांचीं संभाषणें फितींवर मुद्रित केलीं. २७५ माणसें बोललीं; शब्दांची गणती ३,१२,१३५ झाली. गणितानें सांगितलें कीं लोक सर्वांत जास्त वापरतात ते लहानसहान प्रत्ययवजा शब्द व कांहीं थोडीं क्रियापदें. परंतु कांटा, दांत, बस यांसारख्या रोजच्या वस्तूंचे शब्द यादींत जवळजवळ येईनातच. माणूस जेवतांना कांट्याविषयीं बोलत नाहीं, पण कांटा खालीं पडला तर तो शब्द ओठांवर तयार असतो. म्हणून निरनिराळ्या जिल्ह्यांतील शाळकरी मुलांना विषय देऊन, सुचतील ते शब्द लिहावयास सांगितलें, आणि ते शब्द यादींत मिळविले. अशा रीतीनें सुमारें दीड हजार शब्दांची जी पहिली पायरी बांधली गेली तिच्यावर पुढील पाठ्यपुस्तकें, चित्रफिती व ध्वनिफिती रचल्या गेल्या. बेझांसों येथें १९५८ सालीं निघालेल्या केंद्रासारख्या ठिकाणीं नव्या पद्धतीचे दाट वर्ग चालूं लागले. यजमानीणबाईंनीं मिठाच्या भांड्याजवळ जें अजाणतां शिकविलें तेंच आतां शास्त्रानें मोजून पाहिलें होतें.

परमुलखांतील उन्हाळ्याला आणखी एक बाजू आहे, आणि ती सुखाची नव्हे. १९६३ सालच्या सप्टेंबरांत हॅमिल्टन कॉलेजच्या उपक्रमांतून कांहीं अमेरिकन विद्यार्थी पॅरिसला जाण्यापूर्वीं बिआरिट्झ या समुद्रकांठच्या गांवीं फ्रेंचचा पूर्ववर्ग करीत होते. त्यांत अलाबामा संस्थानांतील बर्मिंगहॅम गांवची एकोणीस वर्षांची कृष्णवर्णी मुलगी होती. नांव अँजेला डेव्हिस. १५ सप्टेंबरला रविवारीं तिच्या गांवच्या चर्चमध्यें वर्णद्वेष्ट्यांनीं बाँब उडविला व चार मुली मेल्या. बातमी तिनें वर्तमानपत्रांत वाचली. मेलेल्यांपैकीं कांहीं मुली तिच्या घरच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. बरोबरच्या विद्यार्थ्यांना वाईट वाटलें, पण या दुःखाचें मूळ त्यांना उमगलें नाहीं, असें तिनें १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. भाषा त्या सर्वांची एकच होती, आणि ती फ्रेंच नव्हती.

वर्ग चालू राहिला. ऋतु पालटल्यावर मंडळी पॅरिसला गेली. अँजेला १९६४ सालीं मायदेशीं परतली, आणि १९६५ सालीं ब्रँडाइस विश्वविद्यालयांतून फ्रेंच साहित्याची पदवी घेऊन तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठीं जर्मनींत फ्रँकफुर्टला निघून गेली. तेथें तिला भाषेचा प्रारंभ पुन्हा नव्यानें करावा लागला.